तीन धनुष्यं मोडली, चौथं कशाचं?

दोस्तांनो,

या आठवड्यात पत्रांच्या गठ्ठ्यात एक जाडजूड पाकीट होतं. फोडलं, तर आतून लाकडाचे तीन तुकडे टेबलावर टपटप पडले! सोबत वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी. सहावीतल्या एका मुलानं लिहिलंय :

“काका, सुट्टीत मी तीन धनुष्यं केली. तिन्ही मोडली. पहिलं कडुलिंबाच्या फांदीचं, दुसरं फळांच्या खोक्याच्या पट्टीचं आणि तिसरं बांबूचं. जिथं मोडली तिथले तुकडे पाठवतोय. आजोबा म्हणतात, तुझा हात कच्चा. मी म्हणतो, लाकूडच वाईट. तुम्ही निकाल द्या.”

आता आली का पंचाईत! आजोबांच्या विरुद्ध निकाल द्यायचा म्हणजे दुसऱ्याच्या घरात भांडण लावून दिल्यासारखं. पण तुकडे मोठे गमतीचे आहेत हं. मी ते भिंगाखाली धरून पाहिले, आणि प्रत्येकानं आपण का मोडलो ते सांगून टाकलं. ते तुम्हांला सांगणारच आहे, पण थोडा वळसा घेऊन. कारण ‘धनुष्याला चांगलं लाकूड आणायचं कुठून?’ या एवढ्याशा प्रश्नानं एका अख्ख्या देशाला दीडशे-दोनशे वर्षं भंडावून सोडलं होतं. तो देश म्हणजे इंग्लंड. तिथल्या राजांनी काय काय खटपटी केल्या ते कळलं, की आपल्या दोस्ताचे तुकडे तुम्हांलाही वाचता येतील.

निघण्यापूर्वी कंपासपेटीतलं खोडरबर काढा. जरा लांबट आणि मऊ असलेलं बरं. त्याच्या बाजूवर पेनानं जवळजवळ, एकसारख्या अंतरावर उभ्या रेघा मारा. आता खोडरबर दोन्ही टोकांना धरून हळूच वाकवा. काय दिसलं? बाहेरच्या, फुगीर बाजूला रेघा एकमेकींपासून लांब गेल्या आणि आतल्या बाजूला जवळ आल्या. म्हणजे एकच खोडरबर, एकाच वेळी, एका बाजूनं ताणलं जातंय आणि दुसऱ्या बाजूनं दाबलं जातंय. धनुष्याचं अगदी असंच होतं. दोरी खेचली की धनुर्धाऱ्याच्या समोरची, म्हणजे त्याच्यापासून लांबची बाजू ताणली जाते. तिला आपण पाठ म्हणू. त्याच्या तोंडाकडची बाजू दाबली जाते. ते पोट. पाठ तुटता कामा नये आणि पोट चेपून बसता कामा नये. शिवाय दोरी सुटल्याबरोबर दोघांनीही झटक्यात मूळ जागी यायला हवं. नाहीतर बाण पायाशीच पडायचा!

एकाच लाकडात हे दोन्ही गुण मिळणं कठीण. काही लाकडं ताण छान सोसतात, पण दाबली की सुरकुततात. काहींचं उलट. मग करायचं काय?

इथं यू नावाचं झाड पुढं येतं. युरोपातलं हे सदाहरित झाड आहे. पानं सुईसारखी, गडद हिरवी. फळं लालचुटुक. पण सावधान! फळाचा लाल गर सोडला तर हे झाड नखशिखान्त विषारी. पानं खाऊन घोडे आणि गुरं मरतात. असं हे खाष्ट झाड धनुष्यासाठी मात्र जणू घडवूनच ठेवलेलं आहे. त्याचं खोड आडवं कापलं की दोन रंग स्पष्ट दिसतात. सालीच्या आत लगेच पांढरट-पिवळ्या लाकडाचा पातळ थर, आणि त्याच्या आत नारिंगी-तपकिरी गाभा. आपले सुतार या गाभ्याला नार म्हणतात. बाहेरचं फिकं लाकूड ताण सोसण्यात पटाईत. आतला गाभा दाब सोसण्यात पटाईत. झाड फाडून अशी पट्टी काढायची, की पाठीला फिकं लाकूड येईल आणि पोटाला गाभा. झालं! दोन वेगळी लाकडं जोडून केल्यासारखं धनुष्य, आणि जोड मात्र निसर्गानंच दिलेला. ना डिंक, ना खिळा.

माणसाला हे कधी कळलं असेल? १९९१ सालच्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात, बर्फातून एका माणसाचं शव बाहेर आलं. ते निघालं सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचं! ‘ओत्झी’ या नावानं तो आता जगभर ओळखला जातो. त्याच्याजवळ एक धनुष्य सापडलं. लांबी १ मीटर ८२ सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा जास्त. लाकूड कुठलं? यू! आणि गंमत म्हणजे ते अर्धवट होतं. तासण्याच्या खुणा तशाच होत्या, गुळगुळीत करायचं राहूनच गेलं होतं. बिचाऱ्यानं लाकूड मात्र अचूक निवडलं होतं.

आता इंग्लंडच्या राजांकडे वळू. तिथलं ‘लाँगबो’ म्हणजे साधं, लांबच लांब, एका लाकडाचं धनुष्य. १४१५ साली अझँकूरच्या लढाईत इंग्रजांनी फ्रेंचांच्या कितीतरी मोठ्या सैन्याला हरवलं, त्यात या धनुष्यांचा मोठा वाटा होता. मग काय, राजांना हजारो धनुष्यं हवीशी झाली. आणि हजारो धनुष्यं म्हणजे हजारो यूच्या पट्ट्या.

तुम्ही म्हणाल, “इंग्लंडात यूची झाडं नव्हती का?” होती की! आजही आहेत. तिथल्या जुन्या चर्चच्या आवारात हजार हजार वर्षांची यूची झाडं उभी आहेत. ‘ती धनुष्यांसाठीच लावली होती’ अशी गोष्ट तिकडे हमखास सांगतात. मला ती फारशी पटत नाही. चर्चमागे दोन-चार झाडं. त्यांतून सैन्याला पुरेल एवढं लाकूड कसं निघणार? आणि खरी अडचण संख्येची नव्हतीच. अडचण होती लाकडाच्या जातीची.

क्रिकेटची बॅट घेताना तुम्ही काय बघता? दुकानदार बॅटच्या तोंडावरच्या उभ्या रेषा दाखवतो. “बघा, कशा सरळ आहेत!” प्रत्येक रेष म्हणजे झाडाचं एकेक वर्ष. ज्या देशात उन्हाळा-हिवाळा कडक, तिथली झाडं उन्हाळ्यात भराभर वाढतात आणि हिवाळ्यात थांबतात, म्हणून खोडात दर वर्षाचं एक वलय उमटतं. यू तर फारच सावकाश वाढतं. त्यातही थंड डोंगराळ भागात, सावलीत वाढलेलं झाड वर्षाला केसाएवढंच जाड होतं. त्याची वलयं इतकी दाट, की बोटाच्या रुंदीत तीस-चाळीस सहज मावतील. असं दाट लाकूड धनुष्याला उत्तम. इंग्लंडची हवा मऊ, ओलसर. तिथं यू जरा जोरात वाढतं, वाकडंतिकडं होतं, बुंध्यापासूनच फांद्या फुटतात. जिथं फांदी, तिथं गाठ. लाँगबोला तर माणसाच्या उंचीपेक्षा लांब, सरळ आणि शक्यतो बिनगाठीची पट्टी हवी!

म्हणून इंग्लंडनं लाकूड बाहेरून आणायला सुरुवात केली. स्पेन, इटली, पुढे ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या बव्हेरियाचे डोंगर. दाट रानात उंच झाडांच्या सावलीखाली वाढलेले यू सरळ असत. उजेड वरून येणार, म्हणून झाड वर वर जातं आणि खालच्या फांद्यांच्या भानगडीत पडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

देशी आणि परदेशी लाकडात किती फरक धरत? १५६६ साली एलिझाबेथ राणीच्या राज्यात धनुष्यांच्या किमती कायद्यानं ठरवल्या गेल्या. परदेशी यूचं उत्तम धनुष्य जास्तीत जास्त ६ शिलिंग ८ पेन्स. इंग्लंडच्या यूचं धनुष्य २ शिलिंग. एका शिलिंगचे १२ पेन्स. करा हिशेब! (८० पेन्स आणि २४ पेन्स. तिपटीहून जास्त.)

त्या काळात झाड कसं निवडावं हेही लोकांनी लिहून ठेवलंय. १५४५ साली रॉजर ॲस्कम या विद्वानानं ‘टॉक्सोफिलस’ नावाचं धनुर्विद्येवरचं पुस्तक लिहिलं. पुढं हाच गृहस्थ एलिझाबेथचा शिक्षक होता. त्याचं म्हणणं असं, की पट्टी फांदीची नको, कोवळ्या रोपट्याची नको, मोठ्या झाडाच्या बुंध्याची हवी. एल्म, ॲश वगैरे लाकडं त्याच्या मते दुय्यम. यू ते यू.

पण खरं सांगू? मला ॲस्कमसाहेब जरा नाक मुरडणारे वाटतात. त्याच्याआधी साडेतीनशे वर्षं वेल्समधले डोंगराळ लोक एल्मचीच धनुष्यं वापरत. ओबडधोबड, न रंधलेली, दिसायला कुरूप. जेराल्ड नावाच्या पाद्र्यानं ती ११८८ सालच्या प्रवासाच्या वर्णनात नोंदवून ठेवली आहेत. त्यांचे बाण ॲबरगॅव्हनीच्या किल्ल्याच्या ओक लाकडी दारात घुसून आरपार गेले होते, आणि ते दार जवळजवळ तळव्याच्या रुंदीएवढं जाड होतं, असं तो सांगतो. तेव्हा ज्याच्या रानात जे आहे ते नीट ओळखणं, हेही काही कमी नाही.

राजांना मात्र यूच हवं होतं. मग निघाले कायदे. १४७२ साली हुकूम निघाला, की व्हेनिस वगैरे ठिकाणांहून जहाजातून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यानं मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार पट्ट्या आणल्याच पाहिजेत. त्यानंही भागेना. पूर्वी शंभर पट्ट्या दोन-सव्वादोन पौंडांना मिळायच्या, त्यांची किंमत आठ पौंडांवर गेली. १४८४ साली तिसऱ्या रिचर्ड राजानं आणखी एक कायदा केला : द्राक्षाच्या दारूचं एक पिंप आणाल तर त्याबरोबर दहा पट्ट्या! दारू विकायला आणायची असेल तर लाकूड आणा. आहे की नाही युक्ती?

आणि आता तुमच्या कामाचा कायदा. आठव्या हेन्रीच्या राज्यात, १५४१-४२ साली, असं ठरलं की सात ते सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी बापानं घरात एक धनुष्य आणि दोन बाण ठेवायचे. मुलानं सराव करायलाच हवा. आहा! पण थांबा. सतरा वर्षांच्या आतल्या मुलानं यूच्या धनुष्याला हात लावायचा नाही. लावला तर दंड. श्रीमंताच्या घरच्यांना तेवढी सूट. बाकीच्यांनी एल्म, ॲश, हेझल अशा साध्या लाकडांवर शिकायचं. कारण उघड आहे. शिकणारी पोरं धनुष्यं मोडणार, आणि मोडण्यासाठी यू आणायचं कुठून? आपला पत्र पाठवणारा दोस्त तेव्हा इंग्लंडात असता, तर त्यालाही तीन धनुष्यं मोडायची पूर्ण मुभा होती, फक्त यूची सोडून.

हे सगळं चाललं होतं इंग्लंडात. पण जिथून पट्ट्या येत होत्या, त्या रानांचं काय झालं?

यूचं एक झाड धनुष्याच्या लायक व्हायला शंभर-दीडशे वर्षं सहज लागतात. तोडायला? एक सकाळ. बरं, तोडलेल्या सगळ्या झाडांतून चांगली पट्टी निघतेच असं नाही. आतून गाठी निघाल्या, पीळ निघाला, की ते झाड फुकट. १५०७ सालीच बादशहानं बव्हेरियाच्या ड्यूकला यूची तोड थांबवायला सांगितलं होतं. पण व्यापारात पैसा होता, तोड चालूच राहिली. १५६२ साली बव्हेरियाच्या सरकारनं बादशहाकडे रडकुंडीला येऊन अर्ज केला, की आता ही तोड बंद करवा. यू काढण्यासाठी रानाचं छप्पर उघडं पडतंय, त्यातून वारा आणि हिम आत शिरून शेजारची झाडंही मरताहेत, असं त्यात लिहिलं होतं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली सावली आठवली का? ज्या सावलीमुळे यू सरळ वाढत होते, तीच नाहीशी झाली. पुढच्या सहा-सात वर्षांत परिस्थिती अशी आली, की यूच्या व्यापाराचा मक्ता द्यायचा म्हटलं, तर द्यायला झाडंच उरली नव्हती.

१५९५ साली इंग्लंडनं आपल्या सैन्यातून धनुष्यं काढून बंदुका द्यायचं ठरवलं. झाडं संपली म्हणूनच धनुष्य गेलं, असं मात्र समजू नका. बंदूक चालवायला काही आठवड्यांत शिकता येई, लाँगबोला लहानपणापासूनचा सराव लागे. ते कारण मोठं होतं. पण यूची रानं ओस पडली ती पडलीच. त्यांपैकी थोडी शिल्लक आहेत. बव्हेरियात पाटरत्सेल इथं यूच्या जुन्या झाडांचं एक राखीव रान आहे, तिथं सुमारे दोन हजार झाडं आहेत. दोन हजार म्हणजे पुष्कळ वाटतात ना? एखाद्या राजानं मागवलेल्या पट्ट्यांसमोर ती काहीच नव्हेत.

बरं, ती नामांकित धनुष्यं दिसायची तरी कशी? गंमत अशी, की ज्यांनी फ्रान्स हादरवला त्या काळातलं धनुष्य आज बघायला मिळणं महाकठीण. लाकूडच ते, कुजलं, जळालं. पण एका अपघातानं पुष्कळ धनुष्यं वाचली. १९ जुलै १५४५ रोजी, म्हणजे ॲस्कमचं पुस्तक आलं त्याच वर्षी, आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज पोर्टस्मथजवळ समुद्रात बुडालं. खुद्द राजा किनाऱ्यावरून बघत होता. शेकडो माणसं गेली. जहाज चिखलात रुतलं आणि त्या चिखलानंच आतल्या वस्तू जपल्या. १९८२ साली जहाजाचा सांगाडा वर काढला. पाणबुड्यांना त्यात पेट्यांमध्ये रचून ठेवलेली धनुष्यं सापडली. एकूण १७० हून जास्त! सगळी यूची. सरासरी लांबी जवळजवळ दोन मीटर. ती ताणायला १०० ते १८५ पौंड, म्हणजे सुमारे ४५ ते ८४ किलो जोर लागत असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मोठ्या माणसाला उचलताना घाम फोडणारं धान्याचं पोतं डोळ्यांपुढं आणा, आणि तेवढा जोर एका दोरीवर लावायचा!

पण मला या धनुष्यांतली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्यात गाठी आहेत. बिनगाठीचं लाकूड हवं असं कितीही म्हटलं तरी रोज कुठून मिळणार? मग कारागिरानं काय केलं? गाठ तासून सपाट केली नाही. तिच्या भोवती थोडं जास्त लाकूड ठेवलं, छोट्या उंचवट्यासारखं. गाठीपाशी लाकडाचे तंतू वळसा घेऊन जातात, नदीतल्या खडकाला पाणी वळसा घालतं तसे. तो वळसा कापला की तंतू तुटले आणि धनुष्यही तिथंच तुटणार. म्हणून त्यानं लाकडाला सरळ करायचा हट्ट धरला नाही. लाकूड जिथं वळलं तिथं हत्यारही वळलं.

लाकूड झाडापासून वेगळं कसं करत हेही बघण्यासारखं आहे. झाड हिवाळ्यात तोडायचं, रस कमी असताना. ओंडका करवतीनं कापायचा नाही. पाचरी ठोकून फाडायचा. करवत डोळे मिटून सरळ जाते, तंतू वाकडे असले तरी. पाचर मात्र तंतूंच्या वाटेनंच जाते. मग ती फाळी सावलीत, हवेशीर जागी ठेवायची. किती दिवस? दिवस नव्हे, वर्ष-दोन वर्षं, कधी जास्तही. घाईनं वाळवलं की टोकं तडकतात.

चला, आता टेबलावरचे तुकडे घेऊ.

पहिला कडुलिंबाचा. चिठ्ठीत लिहिलंय, की फांदी ताजी तोडून लगेच दोरी बांधली. पहिल्या दिवशी धनुष्य मस्त वाकलं, पण सोडल्यावर वाकलेलंच राहिलं. चार दिवसांनी पुन्हा खेचलं तर कडाड्! ओलं लाकूड पाणी भरलेलं असतं. ते वाकतं, पण उसळी घेत नाही. आणि मग वाकलेल्या स्थितीतच वाळतं. भिंगाखाली पाहिलं तर मोडलेली जागा नेमकी डहाळीच्या गाठीपाशी, आणि गाठ सुरीनं सपाट केलेली. मेरी रोझचे कारागीर असते तर हळहळले असते.

दुसरा खोक्याच्या पट्टीचा. हा तुकडा बघा कसा तिरपा, लेखणीच्या टोकासारखा मोडलाय. पट्टी वरून सरळ, गुळगुळीत. पण लाकडाच्या रेषा पट्टीच्या एका कडेनं शिरून दुसऱ्या कडेनं बाहेर पडताहेत. करवतीनं कापलेली ना! म्हणजे एकही तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड नाही. फळं भरायला हे लाकूड झकास, वाकवायला नव्हे.

आणि तिसरा बांबूचा. हा हातात घेतला आणि मी कपाळावर हात मारला. अरे, बांबू तर आपलं घरचं यू! सातपुड्यातल्या भिल्लांचा तीरकामठा बांबूचाच असतो. दोरीसुद्धा बांबूच्या चिवट पट्टीची करतात. बांबूच्या भिंतीचा आडवा काप भिंगातून पाहा. गर्द ठिपके दिसतील. ते चिवट तंतूंचे जुडगे. सालीजवळ ते दाटीवाटीनं असतात आणि आत जावं तसे विरळ होतात. म्हणजे साल ही ताण सोसणारी बाजू. ती धनुष्याच्या पाठीला यायला हवी. आणि आपल्या दोस्तानं? चकचकीत हिरवी साल छान दिसते म्हणून ती स्वतःकडे केली आणि आतला मऊ भाग बाहेर! तुकड्यावर मऊ बाजूनं कुसळं उभी राहिलेली स्पष्ट दिसताहेत.

तेव्हा निकाल असा : पहिल्या दोन लाकडांबाबत तू बरोबर. तिसऱ्याबाबत आजोबा. तो बांबू मुळीच वाईट नव्हता रे, उलटा होता!

चौथं धनुष्य बांबूचंच कर. आजोबांना बरोबर घेऊन गावातल्या बुरुडाकडे जा. पुण्यात राहणाऱ्यांना तर बुरूड आळी ठाऊकच असेल. त्याला सांग, की भरीव, जाड भिंतीचा, निदान तीन वर्षांचा बांबू हवा. बांबू उंच एकाच हंगामात होतो, पण पक्का व्हायला दोन-तीन वर्षं घेतो. पावसाळ्यात तोडलेला नको. हिवाळ्यात तोडलेला, सावलीत वाळलेला हवा. पुष्कळ गावांत अमावास्येला बांबू तोडायची रीत आहे. चंद्राचं मला सांगता येत नाही, पण हंगामाचं खरं आहे. पावसाळी बांबूत साखर आणि पिठूळ अंश जास्त, म्हणून भुंग्यांची चंगळ होते.

तुझ्या खांद्याइतक्या उंचीची कांब घे, दोन बोटं रुंद. साल बाहेर. सालीला हत्यार लावायचं नाही, पेरांचे उंचवटेही पाठीवर तसेच राहू देत. जे काय तासायचं ते आतून, मधे जाड ठेवून टोकांकडे थोडं थोडं निमुळतं. सुरी आजोबांच्या हातात, नजर तुझी. मधूनमधून वाकवून बघा. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. जी बाजू अडून बसेल, तिथंच थोडं आणखी तासा. बाणाशिवाय नुसती दोरी खेचून सोडू नकोस. बाणाला जायची ती शक्ती धनुष्यातच घुसते आणि तेच फुटतं. बाणाच्या टोकाला कापडाची गुंडी बांध. समोर भिंत किंवा पोत्यांचा ढीग हवा. माणूस, कुत्रं, पाखरू यांच्याकडे रोखायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. हे आईबाबांसाठीही लिहितोय बरं का. पहिले काही दिवस कुणीतरी मोठं जवळ असू द्या.

आणि बाकीच्या दोस्तांनो, तुम्ही या रविवारी एवढंच करा. घरातल्या लाकडी वस्तू भिंग घेऊन पाहा : पोळपाट, लाटणं, बॅट, खिडकीची चौकट, कुऱ्हाडीचा दांडा. रेषा टोकापासून टोकापर्यंत जातात की मधेच कडेनं निसटतात? कुठली वस्तू कुठं मोडेल, ते वहीत लिहून मला पाठवा. (मोडून बघायची नाही!)

आपल्या दोस्ताचे तीन तुकडे मी खिडकीत मांडून ठेवलेत. चौथं धनुष्य मोडलं तर त्याचाही तुकडा पाठव रे, जागा आहे. नाही मोडलं तर एक पोस्टकार्ड पुरे. त्यावर आजोबांची सही मात्र हवी.

तुमचा,
काका